मधल्या काळातली माती

पाऊस पडून गेल्यावर मी साइटवर पुढच्या फाटकातून जात नाही. गाडी मागच्या रस्त्याला लावते, गमबूट चढवते आणि आधी ओढा गाठते. साइटच्या वरच्या अंगाला पाणी कसं आहे ते बघते, मग खालच्या अंगाला येते. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर जीव भांड्यात पडतो. खाली ते तांबडं, दुधाळ झालेलं असलं, की पाण्याच्या उलट दिशेनं चढायला लागायचं: ओढा, पाइपाचं तोंड, गाळ बसवायचं बेसिन, बेसिनला पाणी आणणारा चर, वरचा उतार आणि सगळ्यात शेवटी ती वीतभर जागा, जिथून माती सुटली. चुकलेल्या शेळीचा खुरांवरून माग काढावा तसं. बहुतेक वेळा ती जागा अगदी साधी असते. आदल्या संध्याकाळी घाईत वळवलेला डंपर, त्याच्या दोन चाकोऱ्या आणि त्या चाकोऱ्यांतून रात्रभर धावलेलं पाणी.

हे काम मी अकरा वर्षं करते आहे, नॉर्थ कॅरोलिनात, रॅले शहराच्या दक्षिणेला. घरांची बांधकामं तपासणारे वेगळे. मी तपासते ती घरं उभी राहण्याआधी उघडी पडलेली जमीन, तिच्यावरून वाहणारं पाणी, आणि त्या पाण्याबरोबर माती बाहेर जाऊ नये म्हणून केलेले बंदोबस्त. नियम मोजकेच आहेत. एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरायची तर राज्याचा परवाना लागतो. दर सात दिवसांत किमान एकदा सगळी जागा चालून बघायची. चोवीस तासांत एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर पुढच्या चोवीस तासांत पुन्हा जायचं. साइटवर पर्जन्यमापक हवा आणि त्याची रोजची नोंद हवी. काम थांबलं असेल तर तीव्र उतार सात दिवसांत झाकायचे, सपाटी चौदा दिवसांत. या राज्यानं मातीच्या गाळाला प्रदूषण मानणारा कायदा १९७३ सालीच केला. केंद्राचा स्वच्छ पाण्याचा कायदा त्याच्या एकच वर्ष आधीचा, १९७२चा, पण त्याचा रोख तेव्हा कारखान्यांच्या आणि सांडपाण्याच्या नळांवर होता. पावसाचं पाणी त्यात १९८७च्या दुरुस्तीनं आलं आणि एक एकराच्या छोट्या साइटपर्यंत तो पोचला २००३ साली.

१९७२ हे साल वाचलं की मला कायदा आठवत नाही, दुष्काळ आठवतो. खरं तर मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण पुरंदर तालुक्यात वाढलेल्या कुणालाही तो दुष्काळ ऐकून ऐकून स्वतःचा झालेला असतो. माझे वडील, दादा, तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. आजी आणि ते दोघं दुष्काळी कामावर जात. आजी खडी फोडायची, दादा ताली घालायच्या कामावर. संध्याकाळी सुकडी मिळायची. पुढे दादांना मृदसंधारण खात्यात नोकरी लागली आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकच काम केलं: डोंगरउतारावर समपातळीत रेषा आखायची आणि त्या रेषेवर चर खणून घ्यायचे. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना दोन माणसं उभी करून पातळी काढायची त्यांची रीत मी लहानपणी पाहिली आहे. नळीचं एक टोक कितीदा तरी मीच धरलं होतं. माथ्यावरचं पाणी माथ्यावर थोपवायचं, मग मधल्या टप्प्यावर यायचं, मग पायथ्याला. आधी नाल्यात बंधारा बांधला आणि वरचा डोंगर तसाच ठेवला, तर दोन पावसाळ्यांत बंधारा गाळानं भरतो, हे मला कॉलेजात शिकावं लागलं नाही.

इथली माती पहिल्यांदा बघितली तेव्हा कोकणच आठवलं. तसाच लोखंडाच्या गंजाचा लाल रंग. पण हातात घेतली की फरक कळतो. या मातीला सेसिल म्हणतात. वर थोडा पोयटा आणि खाली फूटच्या फूट तांबडी चिकणमाती. कोरडी असताना कुदळ लागत नाही. भिजली की बुटाला अशी धरते की पाऊल उचलताना बूट मागेच राहतो. वरचा पोयटाही बऱ्याच ठिकाणी उरलेला नाही, कारण कापसाच्या शेतीनं तो गेल्या दोन शतकांत धुऊन नेला. त्या पडीक रानांवर मग पाइन आले, ओक आले, आणि आता ते तोडून आम्ही घरं बांधतो.

याच राज्यातल्या, कापसानं घळी पडलेल्या अॅन्सन काउंटीत १८८१ साली ह्यू हॅमंड बेनेट नावाचा मुलगा जन्मला. अमेरिकेतल्या मृदसंधारणाचा तो जनक. १९३५च्या वसंतात तो वॉशिंग्टनला संसदेच्या समितीपुढे साक्ष देत होता. पश्चिमेच्या मैदानांवरून धुळीचं एक मोठं वादळ राजधानीकडे सरकतं आहे, हे त्याला माहीत होतं. सांगतात की त्यानं बोलणं मुद्दाम लांबवलं, आकडे पुन्हा पुन्हा समजावून दिले, आणि खिडकीबाहेर आभाळ धुळीनं अंधारून येईपर्यंत तो बोलत राहिला. त्याच एप्रिलमध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला. दादांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “साहेबाला माती दाखवायला कागद पुरत नाही. डोळ्यात जावी लागते.”

मातीचं पाण्यातलं वागणं एकदा नीट समजलं की या कामातली अर्धी उत्तरं मिळतात. वाळूचा एक दशांश मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला दोनेक मिनिटं घेतो. चिकणमातीचा कण त्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतका, म्हणजे दोन सहस्रांश मिलिमीटरचा. त्याला तेवढंच अंतर उतरायला तीन दिवसांहून जास्त लागतात, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. म्हणून साइटच्या कडेनं लावलेलं काळं कापड, ज्याला सिल्ट फेन्स म्हणतात, ते वाळू अडवतं आणि चिकणमातीपुढे हात टेकतं. लोकांना वाटतं ते कापड चहाच्या गाळणीसारखं काम करतं. तसं नसतं. ते पाण्याला थोडा वेळ थोपवून धरतं, इतकंच, आणि तेवढ्या वेळात जे बसेल ते बसतं. शंभर फूट कापडामागे पाव एकराहून जास्त जमिनीचं पाणी येऊ द्यायचं नसतं. कापडाचा खालचा काठ आठ इंच खोल चरात पुरून माती ठोकून बसवायची असते. तो पुरला नसेल तर पाणी खालून जातं आणि वरून कापड मात्र ताठ, देखणं उभं असतं.

मोठ्या साइटवर म्हणून बेसिन खणतात. उघड्या जमिनीच्या दर एकराला १,८०० घनफूट पाणी मावेल एवढं. त्यात काथ्याच्या जाळीचे तीन आडवे पडदे. पाणी एका झोतात न धावता पडद्यांतून झिरपत सगळ्या रुंदीवर पसरतं आणि शांत होतं. शेवटी स्किमर नावाचा तरंगता पाइप असतो. तो वरचं, त्यातल्या त्यात नितळ पाणी हळूहळू बाहेर सोडतो. बेसिन रिकामं व्हायला दोन ते पाच दिवस लागावेत अशी रचना असते. काथ्याची ती गुंडाळी पहिल्यांदा उलगडताना मी तिथेच उभी राहून तिचा वास घेतला होता. चौरस मीटरला किमान ७०० ग्रॅम वजनाची विणलेली जाळी, नारळाच्या सोडणाची. सावंतवाडीच्या मावशीच्या अंगणात असाच काथ्या ओला होऊन पडलेला असायचा. रॅलेच्या चिखलात तो वास यावा, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

बेसिनमध्ये येणाऱ्या पाण्यात काही ठिकाणी पॉलिमर सोडतात. त्यानं चिकणमातीचे सुटे कण एकमेकांना धरतात, गुठळ्या होतात आणि खाली बसतात. ऋण भाराचंच पॉलिमर वापरायचं, कारण धन भाराचं माशांच्या कल्ल्यांना धरतं आणि मासे मरतात, हे पहिल्या दिवशी शिकवलं जातं. ऐकताना मला आजीचा हंडा दिसत होता. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की ती तुरटीचा खडा हंड्यात गोल फिरवायची. तुरटी नसली तर निवळीची बी उगाळून त्या पाण्यात घालायची. रात्री ठेवलेलं पाणी सकाळी तळ दिसेल इतकं स्वच्छ. पण आजी एक गोष्ट रोज करायची: विहिरीच्या काठाची माती आत ढासळू नये म्हणून कडेनं दगड रचायची. तुरटी होती म्हणून तिनं दगड रचायचं सोडलं नाही.

साइटवर हे समजावणं सगळ्यात अवघड जातं. कंत्राटदाराला बेसिन आवडतं, कापड आवडतं, कारण ती विकत घेता येते, मोजता येते आणि एकदा बसवली की विसरता येते. पण माती थांबते ती झाकल्यानं. उतारावर बी पेरलं, एकराला सुमारे ४,००० पौंड गव्हाचं काड पसरलं आणि ते वाऱ्यानं उडू नये म्हणून दाबून बसवलं, तर पावसाचा थेंब काडावर आपटतो, मातीवर नाही. कण सुटतच नाही. मग तीन दिवस वाट बघायला लागत नाही. काड स्वस्त आहे. महाग आहे ती ग्रेडिंगवाल्यांची, म्हणजे जमीन उकरून सपाट करणाऱ्यांची शिस्त: पंधरा एकर एकदम उकरण्याऐवजी पाच-पाच एकर उकरायचे, संपलेला भाग लगेच झाकायचा. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की बांधकामाच्या उघड्या जागेवरून शेतापेक्षा दहा ते वीस पट माती वाहून जाते, आणि जंगलापेक्षा हजार ते दोन हजार पट. हा आकडा मी साइटचं काम बघणाऱ्या प्रत्येक नव्या सुपरिटेंडेंटला सांगते. बहुतेक जण मान डोलावतात आणि बेसिनकडे बोट दाखवतात.

मला बरेच दिवस वाटायचं की हा आळस आहे किंवा लोभ आहे. आता तसं वाटत नाही. जंगल तुटल्यापासून घरात पहिला दिवा लागेपर्यंत दीड-दोन वर्षं जातात. आधी ती जमीन कुणाची तरी होती, त्या म्हाताऱ्याला तिथला प्रत्येक ओहोळ ठाऊक होता. नंतर ती नव्वद कुटुंबांची होणार आहे, पण ती कुटुंबं अजून आलेली नाहीत. मधल्या काळात कागदावर मालक असतो, जमिनीवर मात्र कुणी नसतं. ग्रेडिंगवाला चार महिन्यांनी जातो. पाइप टाकणारे येतात आणि जातात. सुपरिटेंडेंटची वर्षभरात बदली होते. दादा ज्यांच्या शेतात चर खणायचे ते शेतकरी त्यांच्याशी भांडायचे, हुज्जत घालायचे, चर माझ्या बांधाला नको त्याच्या बांधाला घ्या म्हणायचे. पण पहिल्या पावसात मध्यरात्री कंदील घेऊन खांड पडली का ते बघायला तेच जायचे. इथे मध्यरात्री कंदील घेऊन कुणी जात नाही. म्हणून नियम आहे, एक इंचाचा आकडा आहे आणि माझी नोकरी आहे.

हे सगळं कळत असतानाही माझ्या हातून एकदा चूक झाली.

जानेवारी होता, तीन दिवसांची बारीक पिरपिर. अडतीस एकरांची साइट, ईशान्य कोपऱ्यातली कापडी कुंपणाची शेवटची दोनशे फूट काटेरी वेलींतून पाणथळीकडे उतरणारी. त्या वळणापर्यंत मी गेले. तिथून कापड उभं दिसत होतं. बोटं गारठली होती, मुलाला शाळेतून आणायची वेळ झाली होती. मी वळले आणि अहवालात त्या ओळीसमोर ‘सुस्थितीत’ लिहिलं. खाली सही केली.

आठवड्यानं गेले तेव्हा ओढ्याच्या तळाचे खडे दिसत नव्हते. वर मऊ, तांबडा, हाताएवढा थर. माग काढत चढले. कापड अजूनही ताठ उभं होतं. खाली, जिथे ते चरात पुरलेलं असायला हवं होतं, तिथे पाण्यानं मांजर जाईल एवढं भगदाड पाडलं होतं. कडा गोलाकार, गुळगुळीत झाल्या होत्या. ते आठवड्यापूर्वीही होतं. कदाचित लहान असेल, पण होतं.

मी राज्याच्या कार्यालयाला फोन करून सगळं सांगितलं, आधीच्या अहवालासकट. मग परवानगी घेऊन ओढ्यात यंत्र न उतरवता हातांनी गाळ काढायचं ठरलं. सहा माणसं, फावडी, बादल्या, चार दिवस. मीही उतरले. कुंपण बसवणाऱ्या टोळीत होंडुरासचा एक गडी होता, डोंगरावर कॉफी लावणाऱ्या घरातला. तो गाळ उचलताना खालचे खडे हलणार नाहीत इतक्या हलक्या हातानं फावडं सरकवायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. खड्यांच्या फटींत किड्यांची अंडी असतात, मासे त्यांच्यावर जगतात. याच भागातल्या स्विफ्ट क्रीकमध्ये ड्वार्फ वेजमसल नावाचा शिंपला आढळतो, फार तर दीड-पावणेदोन इंचाचा. त्याची पिल्लं आधी माशाच्या कल्ल्यांना धरून वाढतात, मग सुटून तळात रुततात. तो १९९० पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे. आमच्या त्या ओढ्यात तो नव्हता. पण तो नव्हता म्हणून मला झोप लागली असं झालं नाही.

त्या दिवसापासून मी पाणथळीचं टोक आधी गाठते, मग बाकीचं. आणि जिथे पाय पोचला नाही तिथे अहवालात ‘पाहिलं नाही’ असंच लिहिते. यावरून एका कंत्राटदारानं माझ्या वरिष्ठांकडे तक्रारही केली. वरिष्ठ माझ्या बाजूनं उभे राहिले. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

सुट्टीत घरी येते तेव्हा डोळे आपोआप उतारांवर जातात. पुण्याच्या भोवतीच्या टेकड्या कापून केलेले प्लॉट, बावधनपासून कोंढव्यापर्यंत, मे महिन्यात लालसर उघडे पडलेले, आणि खाली जिथे ओढा असायला हवा तिथे भराव. २०१३च्या जूनमध्ये कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीत महामार्गावर पाण्याचा लोंढा आला आणि एक आई आणि तिची लहानगी लेक वाहून गेल्या. वरच्या अंगाला डोंगर फोडलेला होता. सासवडहून पुण्याला जाता-येता ज्यांनी ते डोंगर आयुष्यभर बघितले, त्यांच्यापैकी मी एक आहे. माझ्या मनातून ती बातमी गेलेली नाही. आपल्याकडे ज्ञान नाही असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत, म्हणजे गावानं पाणी वाटून घ्यायची रीत, उभी केली ती आमच्याच पुरंदर तालुक्यात. माथा ते पायथा हे शब्द आमच्या गावात शाळकरी पोरालाही माहीत आहेत. पण आपण ते शेतासाठी राखून ठेवले. तोच डोंगर बिगरशेती झाला, त्याचे प्लॉट पडले, की त्या दिवसापासून जणू पाणी तिथे वेगळ्या नियमानं वाहणार आहे. समतल चर खणायला प्लॉटवर कुणाची हरकत आहे? काड पसरायला? कामाआधी खालच्या ओढ्याचा एक फोटो काढून ठेवायला?

दादांना मी दर पावसानंतर फोन करते. ते सिल्ट फेन्सला बांधच म्हणतात.

“किती पडला?”

“दीड इंच.”

“बांध राहिले का?”

“दोन ठिकाणी खांड पडली, दादा. बाकी राहिले.”

“वरून की खालून?”

“खालून.”

“मग ठोकला नव्हता नीट,” ते म्हणतात. आणि मग औषधं, गुडघा, शेजारच्यांची म्हैस.

गेल्या ऑक्टोबरात त्या अडतीस एकरांचा परवाना बंद करायची शेवटची फेरी होती. सगळीकडे गवत धरलेलं, बेसिन बुजवून सपाट केलेलं, कुंपणाचं कापड काढून नेलेलं. एकसष्ट नंबरच्या घराच्या मागे एक आजी उकिडव्या बसल्या होत्या. नऊवारी, वर मुलाचा जाड स्वेटर. हातात खुरपं. मी हातात फायली घेऊन कडेकडेनं चालले होते, त्यांनी हाक मारली, “बाई, मराठी हाय का गं तू?”

साताऱ्याकडच्या होत्या. सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेल्या. चारदा मेथी टाकली आणि चारही वेळा वाया गेली होती. त्यांनी खुरप्यानं गवताचा एक तुकडा उचलला आणि खालची माती मला दाखवली. पाऊण इंच काळसर, त्याखाली विटेसारखी लाल. बोटानं ती दाबून बघत त्यांनी विचारलं, “वरची माती कुठं गेली इथली?”

मी खाली ओढ्याकडे पाहिलं. मग त्यांना सांगितलं, की काम सुरू झालं तेव्हा वरची माती खरवडून एका कोपऱ्यात ढीग करून ठेवली होती, बरीचशी पुन्हा पसरली, काही विकली गेली, आणि काही वाहून गेली. त्यातली काही माझ्या डोळ्यांदेखत. ढिगाची जागा मला पक्की आठवत होती: मागच्या सामाईक गवताळ पट्ट्यात, पाण्याच्या टाकीकडच्या अंगाला. तळाचा थर त्यांनी उचलला नव्हता, नुसतंच बी टाकलं होतं.

“दाव मला,” आजी म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. “मेथीपुरती दोन घमेली मिळाली तरी पुरं.”

घमेलं नव्हतं. गॅरेजमधून त्यांच्या सुनेनं दोन बादल्या आणल्या.